डावी चप्पल

मे महिना, दुपारचे दोन, पारा ४५ वर. वर्धा रोडवरच्या एका मंगल कार्यालयात पाटवडी-रस्सा हाणून मी बाहेर आलो, तर माझी तपकिरी उजवी चप्पल जागेवर होती आणि डावी गायब.

"डावी कुत्र्यानं नेली ना भाऊ," वॉचमन म्हणाला. माहिती पुरवली की आपलं काम संपलं, असं त्याचं मत दिसलं.

चोरानं दोन्ही नेल्या असत्या. चोराला जोडीची किंमत कळते.

फरशी तव्यासारखी. डावा पाय वर धरून मी बगळ्यासारखा उभा राहिलो. शेजारी नाड्यांचे बूट होते, बकलवाल्या सँडल होत्या आणि एक ढगळ काळी जोडी होती. माझा पाय तिच्यातल्या डावीत आपोआप शिरला.

सोबत पुतण्या होता. तो बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. करून राहिला, त्यामुळे त्याच्यासमोर साधं रडताही येत नाही.

"काका, तुम्ही फ्री रॅडिकल झाले!" तो आनंदानं ओरडला. "एक इलेक्ट्रॉन जोडीविना राहिला की जवळ जो सापडेल त्याचा ओढायचा. हायड्रॉक्सिल रॅडिकल तर सेकंदाच्या अब्जाव्या भागाएवढंच टिकते. लांब जायला वेळच नाही, शेजाऱ्यालाच लुटते."

"मी नीट विचार करून घेतली," मी म्हणालो. खोटं होतं.

हे दरोडेखोर येतात कुठून, तर आपल्याच श्वासातून. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात ऊर्जा तयार होताना थोडा ऑक्सिजन एखादा इलेक्ट्रॉन घेऊन मधूनच सटकतो. त्यातून पुढं हायड्रोजन पेरॉक्साइड होतं, आणि त्याला सुटं लोखंड भेटलं की हायड्रॉक्सिल तयार. लोखंड आणि पेरॉक्साइडची ही युती फेंटन नावाच्या साहेबानं १८९४ मध्येच छापून ठेवली आहे. म्हणजे बिडी नाही, खर्रा नाही, नुसता इमानदारीनं श्वास घेतला तरी आत मारामारी चालूच. पार्किंगपर्यंत मी जरा जपूनच श्वास घेतला.

तेवढ्यात काळ्या चपलेचा मालक बाहेर आला. आम्ही गाडीमागं लपलो. त्यानं इकडंतिकडं पाहून कुणाचीतरी कोल्हापुरी ओढली. कोल्हापुरीवाल्यानं स्लिपर ओढली. स्लिपरवाला तापल्या फरशीवर नाचू लागला, तेव्हा खुर्चीतल्या एका आजोबांनी आपली चप्पल काढून दिली. "घे बाप्पा. मले गाडीतच बसून जायचं आहे."

"व्हिटॅमिन सी!" पुतण्या कुजबुजला. "इलेक्ट्रॉन देऊन टाकते आणि वरून शांत बसते." संत्र्याच्या गावात असा माणूस निघायचाच.

घरी येईपर्यंत माझी बदली झाली होती. मी आता डीएनए होतो आणि माझी डावी बाजू ग्वानिन. डीएनएची अक्षरं म्हणजे चार बेस, त्यांत ग्वानिन सगळ्यात ढगळ, त्याचा इलेक्ट्रॉन सगळ्यात सहज निघतो. त्याला ऑक्सिजन चिकटला की ते ८-ऑक्सोग्वानिन होतं, कूस बदलतं आणि नेहमीच्या जोडीदाराऐवजी, म्हणजे सायटोसिनऐवजी, अ‍ॅडेनिनशी सूत जमवतं.

"पण घाबरू नका, काका. एक एन्झाइम येते, बिघडलेला बेस तेवढा कापून काढते. मग दुसरे एन्झाइम समोरचा धागा पाहून बरोबरचा बसवतात. अशा दुरुस्तीच्या शोधासाठी लिंडाल यांना २०१५ मध्ये नोबेल मिळालं. आपण काळी परत करू, तपकिरी उजवी मोच्याला दाखवू, तो जोडीची डावी करून देईल."

योजना उत्तम होती. ती ठरेपर्यंत दोन दिवस गेले, आणि घरात निर्णय घेणारं एन्झाइम वेगळं आहे.

"अहो, ती काळी एकटीच पडून होती ना दारात," बायको म्हणाली. "इतवारीतल्या मोच्याकडून तिच्या मापाची उजवी करून आणली. तपकिरी झिजली होती, दिली कचरागाडीत."

पुतण्या भिंतीला टेकला. "काकू, तुम्ही दुरुस्तीच्या आधीच कॉपी काढली! आता दोन्ही काळ्या. जी-सी म्हणजे ग्वानिन-सायटोसिन, त्याच्या जागी टी-ए म्हणजे थायमिन-अ‍ॅडेनिन. जोडी इतकी जुळते की चूक कोणालाच ओळखू येणार नाही. यालाच म्युटेशन म्हणतात."

"म्हणू दे. दिसते किती छान," बायको म्हणाली.

रविवारी लग्नघरचा मुलगा पिशवी घेऊन आला. वॉचमनला कार्यालयामागं माझी तपकिरी डावी सापडली होती. अंगठ्यापाशी दातांचे चार ठसे, बाकी ठणठणीत. उजवी कुठं आहे हे तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही.

ती आता दारात एकटीच उभी असते. पुतण्या येतो तेव्हा आपले बूट काढतो आणि उचलून थेट आतल्या खोलीत नेऊन ठेवतो.