गादी आटली, श्रेय गोळ्यांना

कंबरदुखीवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, मजकूर तोच: मणक्यातली गादी सरकली असेल तर ऑपरेशनची घाई करू नका, होमिओपॅथी गादी जागेवर आणते, आधीचा आणि नंतरचा एमआरआय बघा, शंभरातल्या नव्वद जणांचं ऑपरेशन टळतं, गोळ्यांत औषध असतं हे आयआयटी मुंबईनेही सिद्ध केलंय, आणि एवढं करूनही पटत नसेल तर फिजिओथेरपीच्या जोडीला, पूरक म्हणून तरी घ्या, तोटा काहीच नाही. यातलं घाई न करण्याबद्दलचं वाक्य मला बहुतांशी मान्य आहे. बाकीच्याबद्दल बोलू.

"गादी जागेवर येते." दोन मणक्यांमधली गादी वरच्या-खालच्या हाडांना घट्ट चिकटलेली असते, ती कॅरमच्या सोंगटीसारखी घसरत नाही. तिच्या बाहेरच्या चिवट कड्याला चीर पडते आणि आतला मऊ गर बाहेर येतो. तो शेजारच्या शिरेवर दाबतो, तिथे सूज आणतो, म्हणून कळ ढुंगणापासून पोटरीपर्यंत उतरते. बाहेर आलेला गर कुठलीच पॅथी पुन्हा आत ढकलत नाही. शरीराच्या लेखी तो परका ठरतो. रक्तातल्या पेशी येऊन त्याला खाऊ लागतात, त्यातलं पाणी कमी होतं आणि काही आठवड्यांत, महिन्यांत तो बऱ्याचदा आटतो.

"एमआरआय बघा." बघू. ऑपरेशन न केलेल्या रुग्णांवरच्या अभ्यासांचा एक आढावा 2015 साली प्रसिद्ध झाला. गराचा तुकडा तुटून पार वेगळा झाला होता अशा रुग्णांपैकी 96 टक्क्यांमध्ये तो आपोआप लहान झाला किंवा नाहीसा झाला. गर बाहेर ओघळलेल्यांमध्ये हे प्रमाण 70 टक्के, थोडा उंचवटा आलेल्यांमध्ये 41 आणि नुसती फुगलेली गादी असलेल्यांमध्ये 13 टक्के निघालं. आकडे पुन्हा वाचा. जो रिपोर्ट बघून घरच्यांच्या पोटात गोळा येतो, तोच सुधारण्याची शक्यता सगळ्यात जास्त! जाहिरातीत लावायला असे आधी-नंतरचे दोन फोटो शेजारी-शेजारी मिळणं म्हणूनच अवघड नाही. शिवाय कंबर अजिबात न दुखणाऱ्या माणसांचे एमआरआय काढले तर विशीतल्या साधारण 30 टक्के आणि ऐंशीतल्या 84 टक्के लोकांमध्ये गादी फुगलेली दिसते. फोटोतली गादी आणि पायातली कळ यांचा हिशेब असा सरळ जुळत नाही.

"नव्वद टक्क्यांचं ऑपरेशन टळतं." टळतं म्हणजे मुळात लागणार होतं, असं गृहीत धरलंय. सायटिकाचे, म्हणजे पायात उतरणाऱ्या या कळेचे, बहुतेक रुग्ण सहा ते बारा आठवड्यांत ऑपरेशनशिवायच बरे होऊ लागतात. आणि दुखणं जोरात असलेल्यांचं काय? नेदरलँड्समध्ये 283 रुग्णांवर झालेली चाचणी 2007 साली प्रसिद्ध झाली. दीड ते तीन महिने तीव्र सायटिका असलेले हे लोक. निम्म्यांना लवकर ऑपरेशन सांगितलं, निम्म्यांना थांबायला. थांबलेल्यांपैकी 39 टक्क्यांना पुढे ऑपरेशन करावं लागलं. उरलेल्यांचं टळलं, तेही होमिओपॅथीची एक गोळी नियमावलीत नसताना. वर्षअखेर दोन्ही गटांतले 95 टक्के बरे होते. लवकर ऑपरेशन झालेल्यांची कळ लवकर थांबली, हा फरक मात्र खरा होता, आणि रात्र रात्र जागणाऱ्या माणसाला तो लहान वाटत नाही.

आता दुखण्याचं वेळापत्रक आठवा. पहिले दोन आठवडे वेदनाशामकं आणि कंबरपट्टा. मग मालिश, मग कुणाच्या तरी मामेभावाचा अनुभव. होमिओपॅथीचा नंबर लागेस्तोवर महिना-दीड महिना गेलेला असतो, म्हणजे नेमका उतार पडण्याचा काळ.

आयआयटीचा अभ्यास खोटा नाही. 2010 मध्ये तिथल्या संशोधकांनी सोनं, चांदी, तांबं, कथील, जस्त आणि प्लॅटिनमपासून केलेली बाजारातली औषधं तपासली, तेव्हा 200 पोटेन्सीतही (पोटेन्सी म्हणजे औषध किती वेळा पातळ केलं त्याचा आकडा) धातूचे नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण, सापडले. पण 6 पोटेन्सीच्या पुढे धातूचं प्रमाण फारसं घटतच नव्हतं. 30 आणि 200 मध्ये माल जवळपास सारखाच असेल, तर पोटेन्सी वाढवली की जोर वाढतो या म्हणण्याचं काय करायचं? त्या अभ्यासात रुग्ण एकही नव्हता. आणि सायटिकाला दिली जाणारी रस टॉक्स, ब्रायोनिया, कोलोसिंथ, हायपेरिकम ही सगळी वनस्पतींची औषधं. धातूंचा निकाल त्यांना लावता येत नाही.

राहिला 'पूरक'. फॉरवर्डमधला सगळ्यात हुशार शब्द हाच आहे. बरं वाटलं तर गोळ्यांनी, नाही वाटलं तर त्या पूरकच होत्या. जर्मन संशोधकांच्या एका अभ्यासात जुनाट कंबरदुखीच्या 129 रुग्णांना होमिओपॅथी देऊन दोन वर्षं पाहिलं गेलं, सुधारणा दिसली; पण तुलनेला दुसरा गटच नव्हता, त्यामुळे गोळ्यांशिवाय काय झालं असतं ते कळायला मार्ग नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन परिषदेने 61 आजारांवरचे अभ्यास तपासून 2015 मध्ये सांगितलं की होमिओपॅथी गुणकारी असल्याचा भरवशाचा पुरावा एकाही आजारात नाही.

मग लोकांना बरं वाटतं ते खोटं का? मुळीच नाही. इंग्लंडमध्ये संधिवाताच्या 83 रुग्णांवर एक सुंदर चाचणी झाली, 2011 मध्ये प्रसिद्ध झालेली. काहींना होमिओपॅथची सविस्तर सल्लामसलत मिळाली, काहींना नुसत्या गोळ्या, आणि दोन्हीकडे खऱ्या-खोट्या गोळ्या गुप्तपणे वाटलेल्या. फायदा झाला तो सल्लामसलतीचा. गोळी खरी की खोटी, याने फरक पडला नाही. तासभर कुणीतरी झोप, भूक, काळजी विचारतं, याला मोल आहे. ऑर्थोपेडिकच्या ओपीडीत पाच मिनिटांत फिल्म उजेडावर धरून 'बेड रेस्ट' सांगून बाहेर काढलेल्या माणसाला ते विचारा. (तो सल्लाही जुनाच, झोपून राहण्यापेक्षा झेपेल तेवढं चालतं-फिरतं राहणं बरं.)

"तोटा काहीच नाही." साखरेच्या गोळ्यांनी सहसा नाही. तोटा वाट बघण्यात आहे. 'आधी त्रास वाढतो, मग उतरतो' असं सांगितलेला रुग्ण पायाची वाढती बधिरताही औषध लागू पडल्याची खूण समजून बसतो. गोळ्या चालू असोत वा नसोत, जांघेत आणि बसायच्या जागेभोवती बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा सुटला, पाऊल उचलताना लोंबू लागलं किंवा दोन्ही पायांतली ताकद जाऊ लागली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, एमआरआय आणि मणक्याचे सर्जन असलेलं रुग्णालय गाठा. लघवी-शौचाच्या शिरा दबल्या असतील तर ऑपरेशन तासांच्या हिशेबात करावं लागतं. उशीर झाला तर गेलेला ताबा कायमचा जाऊ शकतो.