गुडपाश्चर आणि विडीचा धूर

गुडपाश्चर या मूत्रपिंड आणि फुप्फुसाच्या आजाराची कारणं सांगणारा एक लेख वाचला, त्यात सगळा भर जनुकांवर आहे. एचएलए-डीआर १५ हा जनुकाचा प्रकार असला की धोका वाढतो हे खरं, पण तो असलेल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही. ठिणगी बाहेरून पडते.

माझा चुलतभाऊ इथं सोलापुरात यंत्रमागावर कामाला, राहायला विडी घरकुलात. रोजचं एक बंडल ठरलेलं. थुंकीत रक्त दिसलं तसा सगळ्यांनी टीबीच धरला. तपासणी निगेटिव्ह आली, तरी लघवी कुणी बघितली नाही. ती कोऱ्या चहासारखी होत होती, पण लाजेपोटी तो वहिनीलाही बोलला नाही. क्रिएटिनिन (मूत्रपिंड किती काम करतंय हे सांगणारी रक्ततपासणी) बघेपर्यंत डायलिसिसवर गेला.

या आजारात शरीर स्वतःच्याच कोलेजन या प्रथिनावर उलटतं. तेच कोलेजन मूत्रपिंडाच्या गाळणीत, तेच फुप्फुसाच्या वायुकोशांच्या पडद्यात. धुरानं तो पडदा दुखावला की शरीरानं या कोलेजनविरुद्ध बनवलेली प्रतिपिंडं (अँटिबॉडी) आत शिरतात, म्हणून फुप्फुसातला रक्तस्राव मुख्यतः धूम्रपान करणाऱ्यांत दिसतो. थिनर, पेट्रोलच्या वाफांवरही संशय आहे.

डॉक्टरांना हात जोडून विनंती, थुंकीत रक्त असेल तर लघवी आणि क्रिएटिनिन त्याच दिवशी तपासा.