गिलमनचं दार आणि ‘डुकी’

"ग्रीन डे विकले गेले", म्हणजे ह्या अमेरिकन पंक रॉक बँडने पैशासाठी मोठ्या कंपनीचा हात धरून आपली तत्त्वं सोडली, हे मी कॉलेजपासून ऐकतोय, काल परत एकाने ऐकवलं, म्हणून आज लिहितोच.

कॅलिफोर्नियात बर्कलीला ९२४ गिलमन स्ट्रीट नावाचा क्लब आहे. पोरंपोरीच चालवतात, बिनपगारी. दारू नाही, वर्णद्वेष नाही, बायकांबद्दल किंवा गे लोकांबद्दल वाटेल ते बोलणं नाही, आणि मोठ्या कंपनीशी करार केलेला बँड स्टेजवर नाही. ग्रीन डे तिथेच वाढले. १९९३ ला रिप्राइझ ह्या मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी करार केला आणि घरचंच दार बंद झालं. त्यांचा गायक-गिटारिस्ट बिली जो तेव्हा अवघा २१ वर्षांचा.

त्या कंपनीसाठीचा पहिला अल्बम ‘डुकी’ बर्कलीतच फँटसी स्टुडिओत रेकॉर्ड झाला, साधारण तीन आठवड्यांत, प्रोड्युसर रॉब कॅव्हॅलो. पहिला मिक्स (गाण्यातले सगळे आवाज जुळवून केलेलं अंतिम रूप) पसंत पडेना म्हणून परत केला आणि ते फार बरं झालं, त्यातलं ‘लाँगव्ह्यू’ हे गाणं हेडफोन लावून ऐका, आख्खं कडवं नुसते बास आणि ड्रम्स ओढून नेतात आणि मग गिटार अशी अंगावर येते की बास रे बास. आणि ‘बास्केट केस’! छातीत धडधड होते, आपण वेडे होतोय असं वाटतं, त्याला पॅनिक अटॅक म्हणतात हे मला डॉक्टरच्या आधी ह्या गाण्याने सांगितलं. कंपनीला खूश करायला कोणी असं गाणं लिहीत नाही हो.

१ फेब्रुवारी १९९४ ला अल्बम आला. टूरला गाडी कुठली, तर जुनं फिरतं वाचनालय, चालवायला ड्रमर ट्रे कूलचे वडील. ऑगस्टमध्ये वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात पब्लिकने चिखल फेकला, ह्यांनी परत फेकला, गोंधळात सिक्युरिटीवाल्याने त्यांच्या बासिस्टला, माइक डर्न्टला, पब्लिकमधलाच समजून आपटलं, दात तुटले त्याचे. पुढच्या महिन्यात बॉस्टनच्या फुकट शोला एवढी गर्दी की थोड्याच गाण्यांत बंद करावा लागला. १९९५ ला ग्रॅमी, १९९९ पर्यंत एकट्या अमेरिकेत एक कोटी कॉप्यांचं सर्टिफिकेट. हे सगळ्यांना माहीत असतं.

पण १९९४ च्या टूरवर त्यांच्या आधी स्टेजवर कोण यायचं? पॅन्सी डिव्हिजन. उघडपणे गे असलेला, गे प्रेमाची गाणी गाणारा सॅन फ्रान्सिस्कोचा बँड. टीव्हीवर गाणं बघून आलेली शाळकरी पोरं समोर, त्यातली काही वस्तू फेकायची, शिव्या घालायची, तरी ग्रीन डेने त्यांना काढलं नाही. गे लोकांबद्दलचा गिलमनचा नियम त्यांनी असा हजारो पोरांसमोर नेऊन ठेवला, तेही आत जायला बंदी असताना. ह्याला विकलं जाणं म्हणायचं?

आणि गिलमनचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. एका लाडक्या बँडसाठी मोठ्या कंपनीचा नियम तेव्हा मोडला असता तर पुढच्याला कुठल्या तोंडाने नाही म्हणणार होते?

२०१५ मध्ये आगीत नुकसान झालेल्या लोकांच्या मदतीसाठी शो होता, त्यात ग्रीन डे परत गिलमनच्या स्टेजवर वाजवून आले. त्याचे फोटो बघून मी खरंच रडलो.