फाटक झुकलं, पण दोष लाकडाचा नव्हता

नमस्कार,

तुम्ही मनापासून आणि सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गाडीच्या वाटेवरच्या फाटकांबद्दल लिहिताना मी लाकडाची बाजू नको इतकी उचलून धरली, व्हायनिलचं, म्हणजे एका प्लास्टिकचं, फाटक एकदा बसवलं की त्याच्याकडे बघावंही लागत नाही, आणि तुमचं स्वतःचं लाकडी फाटक काही वर्षांतच कडीच्या बाजूने खाली आलं, आता जमिनीला घासतं. मी तिसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण पहिल्या दोघांचं उत्तर बरंचसं त्यातच आहे.

तुम्ही लिहिलंय की चौकटीत एक तिरपी लाकडी पट्टी होती आणि ती वरच्या बिजागरीकडून निघून कडीकडच्या खालच्या कोपऱ्यात उतरत होती. ती उलटी बसवली होती. फाटकाचं वजन कडीकडचा कोपरा सतत खाली ओढत असतं. तिरपी लाकडी पट्टी खालच्या बिजागरीच्या कोपऱ्यातून वर कडीच्या कोपऱ्याकडे गेली, तर तो भार तिला दाबतो. दाब घ्यायला लाकूड उत्तम. पट्टीची टोकं चौकटीच्या कोपऱ्यांत घट्ट टेकलेली असली की काम झालं. तुमच्या दिशेने बसवली, तर तीच पट्टी ताणली जाते आणि सगळा ताण टोकांच्या दोन-चार स्क्रूंवर येतो. स्क्रू लाकडात हळूहळू सैल होतात, चौकट तिरकी होते. त्या दिशेने पोलादी तार किंवा सळई बसवतात, कारण ताण घेणं हे तिचं काम. मधोमध आवळण्याची सोय असलेली तार तुम्ही आजही बसवू शकता. चौकटीचे सांधे कुजले नसतील तर फाटक बऱ्यापैकी वर येईल.

त्याआधी खांब ओळंब्याने तपासा. ६० किलो वजनाची दीड मीटर रुंद झडप घ्या, दोन बिजागऱ्यांमध्ये १ मीटर अंतर धरा. वरची बिजागरी खांबाला सुमारे ४५ किलोच्या जोराने आडवी ओढते आणि खालची तेवढ्याच जोराने ढकलते. बिजागऱ्या ६० सेंटीमीटरवर आणल्या तर हाच जोर ७५ किलो. रुंदी दुप्पट केली की वजनही दुप्पट होतं आणि ओढ चौपट. तीन मीटरच्या वाटेला एकच रुंद झडप लावण्यापेक्षा दोन झडपा लावा, असा माझा आग्रह यासाठीच असतो. या हिशेबात फळी लाकडाची की व्हायनिलची, हे कुठे येतच नाही. वाऱ्याचंही तसंच. तीन मीटर रुंद, १.८ मीटर उंच, फट नसलेल्या फाटकावर ताशी ७२ किलोमीटरचा वारा समोरून आला तर सव्वाशे किलोच्या वर जोर पडतो. फळ्यांमध्ये फटी ठेवणं म्हणूनच शहाणपणाचं.

आता व्हायनिल. ते कुजत नाही, त्याला वाळवी लागत नाही, रंग द्यावा लागत नाही. हे तुमचं म्हणणं पूर्ण खरं आहे, आणि ज्याला एक-दोन वर्षांतून एक दिवस फाटकासाठी काढणं जमणार नाही त्याने खुशाल व्हायनिल घ्यावं. पण ‘बघावंही लागत नाही’ हे मला मान्य नाही. व्हायनिल म्हणजे पोकळ पीव्हीसी. लाकूड रेषांच्या दिशेने त्याच्या सुमारे तिप्पट ताठ असतं, त्यामुळे आत जस्ताचा मुलामा दिलेलं पोलाद किंवा ॲल्युमिनियम नसेल तर व्हायनिलची आडवी पट्टी वाकणारच. पोकळ खांबाच्या नुसत्या पातळ भिंतीत बिजागरीचे स्क्रू टिकत नाहीत. आत धातूचा खांब हवा. पीव्हीसी उन्हात वाढतंही बरंच: तीन मीटरची पट्टी ३० अंशांच्या फरकाने साधारण पाच-सहा मिलिमीटर. कडीला तेवढी जागा सोडलेली नसेल तर दुपारी फाटक अडतं आणि आपण कडीला दोष देतो. साधारण ८० अंशांपाशी ते मऊ पडतं, म्हणून जवळ शेकोटी नको, आणि पांढऱ्या व्हायनिलला हौसेने गडद रंगही देऊ नये. समोरच्या खिडकीच्या उष्णतारोधक काचेवरून परावर्तित झालेल्या उन्हानेसुद्धा व्हायनिल वाकडं होऊ शकतं. धुवायला सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरे. थिनर किंवा ॲसिटोन लावला तर पृष्ठभाग कायमचा खराब होतो.

माझा कल लाकडाकडे आहे आणि तो मी लपवत नाही. कारण दुरुस्ती. गाडीचा धक्का लागून एक फळी फुटली तर तेवढीच बदलता येते, आणि ती कुठल्याही सुताराला जमते. व्हायनिलला तडा गेला तर त्याच कंपनीचा, त्याच मापाचा भाग मिळेपर्यंत थांबावं लागतं, आणि मिळाला तरी उन्हात राहिलेल्या जुन्या भागाशी त्याचा रंग जुळेलच असं नाही.

तुम्ही दरवर्षीच्या वॉर्निशला कंटाळला आहात, ते मला समजतं. मग वॉर्निश सोडा. त्याचा थर फाटकाच्या फुगण्या-आकसण्याने तडकतो, तड्यातून पाणी आत शिरतं आणि पुढच्या वेळी सगळं खरवडावं लागतं. लाकडात मुरणारं तेल किंवा स्टेन घेतलं की धुऊन, वाळवून पुन्हा एक हात मारला तरी चालतं. लाकडावर पाण्याचे थेंब टाका. ते मोत्यासारखे न थांबता लगेच जिरले की पुढच्या हाताची वेळ झाली. सगळ्यात जास्त लक्ष फळ्यांच्या खालच्या कापलेल्या टोकांकडे द्या, कारण पाणी तिथूनच सर्वांत वेगाने वर चढतं. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर टिकून राहिली तरच कुजवणारी बुरशी वाढते. टोकं बंद ठेवा, फाटक जमिनीपासून वर ठेवा, लाकूड कोरडं राहील. खांबाची तपासणी जमिनीलगत करा. ओल आणि हवा दोन्ही तिथे असतात, त्यामुळे कुजणं तिथून सुरू होतं. स्क्रूड्रायव्हरचं टोक सहज आत गेलं तर तार आवळून उपयोग नाही, आधी खांब बदला.

आणि तरीही पुढचं फाटक व्हायनिलचंच घ्यायचं ठरलं, तर विकणाऱ्याला पट्टीचं कापलेलं टोक दाखवायला सांगा. आत धातू दिसला पाहिजे, आणि तो बिजागरीपाशी नुसता तुकडा नसून पट्टीभर गेलेला असला पाहिजे. पुढे कधी मोटर बसवायची असेल तर तिचा दांडा जिथे जोडला जाईल त्या आडव्या पट्टीत तो धातू आत्ताच घालून घ्या. फाटक बसल्यानंतर तो घालता येत नाही.