गाडीची किंमत सांगा, मग बातमी सांगा

वैताग आलाय राव. बातमी चोरीची असो, अपघाताची असो नाहीतर रेशनची, बातमीवाल्यांना मथळ्यात गाडी हवीच. 2023 मध्ये गुरुग्रामला जी-20साठी ठेवलेल्या कुंड्या कुणीतरी उचलून नेल्या, तर देशभर गवगवा कशाचा? कुंड्या ज्या गाडीत कोंबल्या तिच्या किमतीचा! त्याच कुंड्या अ‍ॅक्टिव्हावर पाय ठेवायच्या जागेत घालून नेल्या असत्या तर आतल्या पानावर चार ओळी तरी आल्या असत्या का?

हे हसण्यावारी नेता येतं. पण माणसं मेल्यावरही तेच?

19 मे 2024, पुण्यातलं कल्याणीनगर. गाडीच्या धडकेत दुचाकीवरचे दोन इंजिनिअर गेले, दोघंही 24 वर्षांचे. आज त्या प्रकरणाला काय म्हणतात? पोर्शे प्रकरण. गेलेल्यांची नावं किती जणांना आठवतात, विचारून बघा. गाडी मात्र पोरासोरांना पाठ. त्या कोटींच्या गाडीची कायमची नोंदणीच झाली नव्हती, कारण 1,758 रुपये शुल्क भरायचं राहिलं होतं. म्हणजे नंबर प्लेटशिवाय ती पुण्यात फिरत होती आणि कुणी हटकलं नाही. मथळा करायचा तर या 1,758चा करा ना! पण त्याला ‘बिल्डरपुत्राच्या आलिशान कार’ची चव कुठली?

आणि त्याच वर्षी डिसेंबरात वाघोलीत केसनंद फाट्यावर फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर डंपर गेला. तिघं मेली, त्यात दोन चिमुरडी. त्या डंपरची कंपनी सांगा बरं? किंमत? मालक कुणाचा पुत्र? ‘भरधाव डंपरने चिरडले’, संपलं. जणू डंपर स्वतःच चावी फिरवून निघाला होता. 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली, त्यातली जवळपास 75 हजार दुचाकीवरची. ती सगळी काय पोर्शेखाली आली? पण बाकीच्यांच्या मरणाची चीड यायला मथळ्याला लोगो मिळत नाही, मग ती मरणं रोजचीच.

बरं, श्रीमंताला झोडता म्हणून गरिबाच्या बाजूने आहात म्हणावं, तर तेही नाही. पंजाबात होशियारपूरला एक माणूस मर्सिडीजमधून येऊन रेशनचे दोन रुपये किलोचे गहू घेऊन गेला. झाला व्हिडिओ, झाला बोभाटा. गाडी परदेशातल्या नातेवाइकाची आहे, असं तो सांगत राहिला. ऐकतंय कोण? मर्सिडीज दिसली ना, मग निकाल लागला.

आपल्याकडे लाडकी बहीण योजनेतल्या बायकांचं तेच केलं. नियमात कुटुंबाच्या नावावर ट्रॅक्टर सोडून चारचाकी नको, ठीक आहे, तपासा. पण मथळे कसे? ‘चारचाकीतून फिरणाऱ्या बहिणी’! जणू दर महिन्याला पंधराशे उचलायला बाई गॉगल लावून फॉर्च्युनरमधून उतरते. अहो, खेड्यात दिराने हप्त्यावर घेतलेली, दिवसभर वडापला, म्हणजे भाड्याने माणसं वाहायला, जाणारी ईको पण चारचाकीच असते. तिच्या मागच्या सीटवर बसायलाही त्या बाईला लग्नकार्य यावं लागतं. सरकारी फॉर्ममध्ये तरी नुसता रकाना असतो, यांच्या मथळ्यात टोमणा असतो.

शेतकऱ्याने तर काय करावं तेच कळत नाही. गाडी घेतली की ‘बळीराजाचा नाद करायचा नाय’, पाठीमागे रांगडं गाणं. तोच गडी त्याच गाडीतून भाव मागायला मोर्चाला गेला की लगेच ‘एसयूव्हीतून आलेले आंदोलक’. गाडी तीच, हप्तेही तेच! मग त्याने मोर्चाला अनवाणीच यायचं का?

सगळ्यात डोक्यात जातात ते ‘अब्जाधीश असूनही फिरतो साध्या अल्टोत’वाले. कर किती भरला, कामगारांना पगार वेळेवर देतो का, ते नाही विचारायचं. अल्टो दिसली की संतपद बहाल! आणि आमच्या गल्लीत निम्म्या लोकांकडे अल्टो आहे, तीही जुन्या बाजारातली, त्यांच्या साधेपणावर एक ओळ नाही आली कधी.

एक करा. पुढच्या वेळी गाडीची शोरूम किंमत शोधायला जी पाच मिनिटं घालवता ना, त्यात आरटीओला एक फोन लावा. लायसन्स होतं का, फिटनेस होता का, ड्रायव्हर किती तास सलग चालवत होता, तेवढं विचारा. आणि ते मथळ्यात छापा.