आवडलं-नावडलं घरात पुटपुटू नका, लिहिणाऱ्याला सांगा

आमच्या बेळगाव भागातला मराठी माणूस मुखदुर्बळ आहे असं कुणी म्हणालं, तर त्याला वैशाखातल्या शिवजयंतीच्या मिरवणुकीला आणून उभं करावं. रात्रभर चित्ररथ सरकत असतात आणि कट्ट्यावर बसलेली माणसं एकेकाचं माप काढत असतात. मावळ्याच्या मनगटावर घड्याळ दिसलं की चारी बाजूंनी ओरडा, "काय गा, सुरतेच्या लुटीतलं काय ते?" अफजलखान वेळेआधी पडला तरी ओरडा. गावच्या यात्रेतल्या नाटकात नट वाक्य विसरला, तर पुढच्या रांगेतली म्हातारी ते पुरवते, कारण तालमी तिच्याच दारासमोरच्या देवळात झालेल्या असतात. पारायणातलं कीर्तन लांबलं तर दुसऱ्या दिवशी दूध घालायला आलेला प्रत्येक जण त्यावर बोलतो, आणि ते फिरून महाराजांच्या कानावरही जातं.

तीच माणसं छापलेल्या ओळीपुढं मात्र एकदम सोवळी होतात. कथा वाचली, कविता ऐकली, पुस्तक संपवलं, पण ज्यानं लिहिलं त्याला अवाक्षर नाही. फार तर मोबाईलवर एक अंगठा. हे मला पटत नाही, म्हणून ही लांबलचक पोस्ट. वेळ असेल त्यांनी वाचावी.

सुगी आटोपली की आमच्याकडं साहित्य संमेलनांचा हंगाम सुरू होतो. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, बेळगुंदी, कुद्रेमानी, खानापूरकडं माचीगड. गावच्या वर्गणीवर, गावच्या मांडवात. सकाळी ग्रंथदिंडी, लेझीम, कलश घेतलेल्या बायका, मग उद्घाटन, व्याख्यान, जेवण, कथाकथन आणि सगळ्यात शेवटी, धारा काढायची वेळ झालेली आणि निम्म्या खुर्च्या रिकाम्या झालेल्या असताना, बिचारं कविसंमेलन. आमच्या गावच्या संमेलनात खुर्च्या मांडण्यापासून पाहुण्यांना बेळगावच्या स्टँडवर सोडण्यापर्यंतची पडेल ती कामं मी करतो. साहित्यिक नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

पाहुण्यांना सोडायला जाताना एक गोष्ट हमखास घडते. हिंडलगा मागं पडलं की शाल पिशवीत कोंबत पाहुणा हळूच विचारतो, "कसं वाटलं हो लोकांना?" दोन तास माईकवर ठणठणीत बोललेला माणूस, पण हा प्रश्न विचारताना आवाज बारीक. माझ्याकडं उत्तर एकच, "चांगलं झालं की सर." कारण मलाही कुणी काही सांगितलेलं नसतं. आभार मानणाऱ्यानं 'अप्रतिम' म्हटलेलं असतं, पण तो पुष्पगुच्छ देणाऱ्या मुलीलाही अप्रतिमच म्हणतो.

एकदा मात्र वेगळं घडलं. कोल्हापूरकडचे एक कथाकार आले होते. त्यांच्या कथेत पावसातल्या नट्टीचं, म्हणजे भातलावणीचं, वर्णन होतं. चिखल, गुडघाभर पाणी, वाकलेल्या बायका, वर काळं आभाळ. बोलले छान. कार्यक्रम संपला आणि बायकांच्या बाजूनं एक आजी थेट स्टेजच्या पायऱ्यांपर्यंत आली. म्हणाली, "गोष्ट चांगली हाय बाबा, खरं नट्टी लावताना बायका गप कशा काय? जल्मभर दुसऱ्याच्या शेतात नट्टी लावलो मी. पाठ मोडून जातेय, खरं तोंड बंद नसतंय. गाणी म्हणतो, एकमेकीची चेष्टा करतो, मालकाला नावं ठेवतो. तुझ्या त्या बायका मेल्यागत वाकल्यात."

आमच्या कमिटीतले दोघं तिला बाजूला घ्यायला पुढं झाले. पाहुण्यांनीच त्यांना हातानं थांबवलं. खिशातलं पेन काढलं, निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर लिहायला लागले. कसली गाणी, कोण आधी म्हणतं, बाकीच्या कुठं झेलतात, मालक बांधावर आला की काय करता? आजी सांगत राहिली. मालक आला की गाणं तेच, फक्त नाव बदलतं, असंही म्हणाली आणि स्वतःच हसली. पाऊण तास गेला, आमची आमटी गार झाली. जीपमध्ये पाहुण्यांनी तो नेहमीचा प्रश्न विचारलाच नाही. ती पत्रिका घडी करून वरच्या खिशात ठेवलेली होती, आणि रस्ताभर मधूनमधून ते खिसा चाचपून बघत होते.

आता दुसरी बाजू ऐका. आमच्या गावचा एक पोरगा उद्यमबागेत फाउंड्रीत आहे. ओतकामाचा गडी. एका कवीनं कारखान्यावर कविता म्हटली, त्यात भट्टीतून ओतल्या जाणाऱ्या लालबुंद रसाची ओळ होती. टाळ्या पडल्या. नंतर चहाच्या टपरीवर हा पोरगा मला म्हणतो, "लालबुंद कुठला? लाल झालं म्हणजे गार व्हायलंय ते. ओततानाचं लोखंड पिवळं-पांढरं असतंय, बघवत नाही. नवीन माणसाला घरी गेल्यावरपण डोळ्यासमोर तेच दिसत ऱ्हातंय." मी म्हटलं, कवी अजून मांडवात आहेत, जाऊन सांग. "छे, आम्ही काय सांगायचं?" म्हणून त्यानं कप ठेवला आणि गाडीला किक मारली. ती कविता पुढं संग्रहात आली. रस लालबुंदच आहे.

त्या कवीला ही एक ओळ कळली असती तर? मला तर वाटतं, त्या पोराच्या दोन वाक्यांत त्या कवितेपेक्षा चांगली कविता होती. पण ती टपरीवर सांडली.

'आम्ही काय सांगायचं' हे आमच्याकडं फार खोल गेलेलं आहे आणि त्याची कारणं मला दिसतात. पहिलं शाळेतलं. धड्याखाली प्रश्न असायचा, 'कवीला काय म्हणायचे आहे?' आणि त्याचं उत्तर गाईडात असायचं, एकच. तेव्हापासून आपली समजूत अशी की कवितेबद्दल बोलायचं म्हणजे बरोबर उत्तर द्यायचं, आणि चुकलं तर छडी. मला ही कविता वाचून माझी काकू आठवली, हे काय उत्तर झालं होय?

दुसरं कारण खास आमच्या सीमेवरचं. इथं घरात मराठी, सरकारी कागद कन्नडात, बाजारात दोन्ही, पोरं आता निम्मीअधिक इंग्रजीत. कित्येकांचं शिक्षणच कन्नड शाळेत झालेलं. मराठी बोलणार घडाघडा, पण दोन ओळी लिहायच्या म्हटलं की ऱ्हस्व-दीर्घ आडवं येतं. त्यात आमच्या बोलण्याला बाहेर हसणारे पुष्कळ. पुण्यात दिलेली लेक माहेरच्या अंगणात पाय ठेवताच 'मी आलो' म्हणते आणि परत जाताना घाटाखाली कुठंतरी 'मी आले' करून घेते. अशा माणसांनी छापलेल्या लेखकाला पत्र पाठवायचं म्हणजे धाडसच. त्यामुळं ती गप्प बसतात आणि लेखकाला वाटतं, सीमाभागात वाचतं कोण?

वाचतात हो! बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं. बाबूराव ठाकूरांनी 'तरुण भारत' काढला १९१९ मध्ये. इंदिरा संतांसारखी कवयित्री याच गावात राहिली आणि लिहीत राहिली. अखिल भारतीय संमेलनं इथं झाली: १९२९ ला शि. म. परांजपे अध्यक्ष, १९४६ ला ग. त्र्यं. माडखोलकर, २००० साली य. दि. फडके. १९४६ च्या संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, तो आमच्या पोरांनाही पाठ आहे. वाचनाची ओढ काही कालपरवाची नाही. पण मांडवात बसलेल्या माणसाला ते अध्यक्षीय भाषण कसं वाटलं, कुठं पटलं, कुठं झोप आली, हे शोधायला गेलात तर काय हाती लागतं? बोलणाऱ्यांचं सगळं जपलं गेलं. ऐकणाऱ्यांनीच आपलं काही मागं ठेवलं नाही.

आणि शुद्ध भाषेत, मान राखून, गोड बोललं तरच ते बोलणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी जोतीराव फुल्यांचं १८८५ चं पत्र वाचावं. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्याच्या ग्रंथकार सभेचं निमंत्रण दिलं, तेव्हा फुल्यांनी यायला नकार तर दिलाच, पण का येत नाही तेही आपल्या रोखठोक बोलीत कळवलं. 'घालमोडे दादा' हा त्या पत्रातला शब्द आजही मराठीत फिरतो. त्या सभेत कोण काय बोललं हे आज किती जणांना सांगता येईल? पत्र मात्र अजून वाचलं जातं. आपण कुणी फुले नाही, मान्य. पण न पटलेलं न पटलं म्हणून कळवायला फुलेच असावं लागतं असंही नाही.

मग सांगायचं काय? 'छान' नको. 'लेखणीला सलाम' तर नकोच नको, त्यानं लिहिणाऱ्याच्या पदरात काहीही पडत नाही. कुठल्या पानावर पुस्तक मिटून ठेवलं आणि परत उघडलं नाही, ते सांगा. ते ऐकायला कडू असतं, पण तेच त्याला दुसरं कुणी सांगत नाही. स्टेजवरच्या माणसाला निदान जांभया तरी दिसतात. छापून आलेल्याला तेही दिसत नाही. कुठलं पात्र तुमच्या गल्लीतल्या कुणासारखं वाटलं, कुठं खोटं वाटलं, कुठली ओळ घरात वाचून दाखवली आणि ऐकणारा काय म्हणाला, तेवढं पुरे. लिहायला जमत नसेल तर बोलून पाठवा, मिनिटभराचा आवाज पाठवायला आता पैसे पडत नाहीत. मराठीत अडलं तर मधे कन्नड घाला. आपण एरवी तेच करतो. लेखक इथला असेल तर त्याला कळेल, बाहेरचा असेल तर विचारून घेईल.

लिहिणाऱ्यांनाही दोन शब्द. तुम्हीही काही कमी नाही. 'मनमोकळं सांगा' म्हणता आणि कुणी मनमोकळं सांगितलं की तोंड आंबट होतं. आमच्या भागातल्या एका लेखकाला एका शिक्षकानं कथेचा शेवट ओढूनताणून केल्यासारखा वाटतो म्हणून सांगितलं, तर ह्यांनी त्याच्या घरच्या कार्याला जाणं बंद केलं. अशानं पुढच्या दहा वाचकांची तोंडं बंद होतात. सगळं मानायला कुणी सांगत नाही. आजीचं ऐकून त्या कोल्हापूरच्या पाहुण्यांनी कथा बदलली की नाही, मला माहीत नाही. ऐकून घेतलं, एवढ्यावरच ती आजी पुढच्या वर्षी सगळ्यात आधी येऊन पुढच्या रांगेत बसली. सोबत दोघी शेजारणी.

ह्या हंगामासाठी मी आमच्या कमिटीपुढं एक मागणी ठेवली आहे. देणगीदारांचे सत्कार आटोपशीर घ्यायचे. शाल घरपोच दिली तरी ती शालच असते. (हे वाक्य बैठकीत काही जणांना झोंबलं.) त्यातून वाचलेला वेळ कथाकथनानंतर ऐकणाऱ्यांना द्यायचा, आणि माईक आधी बायकांच्या बाजूला न्यायचा, कारण पुरुषांच्या हातात तो आधी गेला की तिथंच राहतो. ज्यांना चारचौघांत बोलायला जड जातं त्यांच्यासाठी दारातल्या टेबलावर पन्नास पैशांची पोस्टकार्डं ठेवू. पाहुण्यांचा पत्ता वर आम्हीच घालून ठेवणार. खाली तुम्ही काय वाटेल ते लिहा, आम्ही वाचणार नाही, तसंच पेटीत टाकू. आणि कविसंमेलन जेवणाच्या आधी घ्यायचं, म्हणजे धारा काढायला जाणाऱ्यांनाही कवींना चार शब्द सुनावून जाता येईल.

अध्यक्ष म्हणाले, "बघूया." आमच्याकडं 'बघूया' म्हणजे निम्मं काम झालं असं समजतात, म्हणून पोस्टकार्डं मी आणून ठेवली आहेत. फाउंड्रीतल्या त्या पोराला दारातल्या टेबलावरच बसवणार आहे, बघू कार्ड न लिहिता कसा उठतो ते. माईकवाल्याशीही बोलून ठेवलं आहे. ऐन वेळी लाईट गेली तर मोठ्यानं बोला, मांडव काही फार लांब नाही.