हार्नेस लावला म्हणजे गाडी जास्त सेफ झाली, हे खरं नाही

"रेसिंगवाले दोनशेच्या स्पीडला आदळूनही चालत बाहेर येतात, ते हार्नेसमुळे. कंपनीचा बेल्ट काढा, बकेट सीट टाका, चार पट्ट्यांचा हार्नेस लावा." गाड्यांच्या ग्रुपवर हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. (हार्नेस म्हणजे दोन्ही खांदे आणि कंबर बांधणारा रेसिंगचा बेल्ट; बकेट सीट म्हणजे अंगाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारी रेसिंगची सीट.) माझ्या ओळखीतल्या एका मुलाने तो मनावर घेतला, म्हणून लिहितोय.

"वाचतात ते हार्नेसमुळे." एकट्या हार्नेसमुळे नाही. १८ फेब्रुवारी २००१ ला अमेरिकेत डेटोनाच्या शर्यतीत नामांकित ड्रायव्हर डेल अर्नहार्ट धडकेत गेला तेव्हा हार्नेस त्याच्या अंगावर होता. कवटीच्या तळाचं हाड मोडलं. त्याचा एक पट्टा तुटलेला सापडला आणि त्यावर बराच वाद झाला. पण धड घट्ट बांधलेलं आणि डोकं मोकळं असलं की मानेवर काय येतं, हे तोवर सगळ्यांना कळलं होतं. नासकारने (ती शर्यत भरवणाऱ्या संस्थेने) त्याच वर्षी ऑक्टोबरात डोकं-मान धरून ठेवणारं साधन सक्तीचं केलं, फॉर्म्युला वनने २००३ पासून हॅन्स नावाचं तसंच साधन. हॅन्स हेल्मेटला अडकतं. ऑफिसला जाताना हेल्मेट कोण घालतं?

"कंपनीच्या तीन ठिकाणी अडकणाऱ्या बेल्टपेक्षा चार पट्टे बरे." सगळ्यात घातक गैरसमज हाच. त्या मुलाच्या गाडीत मी स्वतः बसलो. बक्कल पोटाच्या मधोमध. खांद्याचे दोन्ही पट्टे ओढले, तसा कमरेचा पट्टा मांडीच्या सांध्यावरून सरकत थेट बेंबीखाली आला. धडकेत हेच होतं: कमरेच्या हाडाने घ्यायचा झटका आतडी आणि लिव्हर घेतात, माणूस पट्ट्याखालून पुढे घसरतो. ते थांबवायला पायांमधून येणारा पाचवा-सहावा पट्टा लागतो. तो त्याच्याकडे होता, पण सीटखाली गुंडाळून ठेवलेला. खांद्याचे पट्टेही मागच्या सीटच्या बोल्टला, म्हणजे खाली उतरत गेलेले. असे पट्टे धडकेत खांदे खाली दाबतात, आणि तो भार मणक्यावर येतो. खांद्याचे पट्टे जवळजवळ आडवे मागे जायला हवेत, त्यासाठी मागे मजबूत आडवा बार लागतो.

(जर्मनीच्या श्रोथ कंपनीचे काही चार पट्ट्यांचे हार्नेस हे घसरणं टाळायला मुद्दाम एका खांद्याला थोडं सैल सुटतात. पण ते ठरावीक गाड्यांसाठी आणि ठरावीक सीटसाठी असतात. बाजारातला स्वस्त माल तसा नसतो.)

"कंपनीचा बेल्ट सैल असतो." रोज सैल असतो, म्हणूनच सिग्नलला वाकून आडवा रस्ता बघता येतो. धडकेच्या क्षणी प्रीटेन्शनर तो आवळतो, मग लोड लिमिटर छातीवरचा भार मर्यादेत ठेवून पट्टा थोडा सोडतो, आणि एअरबॅगचं गणित त्याच हालचालीवर बांधलेलं असतं. हार्नेस घट्ट असेल तर वाकता येत नाही, म्हणून लोक तो ढिला करतात. ढिल्या हार्नेसला स्वतःहून आवळणारं काहीच नसतं.

"गाडी उलटली तर हार्नेसच वाचवतो." रोल केज, म्हणजे छत दबू नये म्हणून आत बसवलेला लोखंडी पाइपांचा सांगाडा, असेल तर. नसेल आणि छत दबलं, तर ताठ बांधलेल्या माणसाला बाजूला कलायलाही जागा उरत नाही. आणि केज लावून बिनहेल्मेटचं बसलात, तर डोक्याशेजारी लोखंडी पाइप.

ट्रॅकवर जायचं असेल तर पूर्ण संच घ्या: केज, सहा पट्टे, हेल्मेट, हॅन्स. रस्त्यावरच्या गाडीत कंपनीची सीट आणि बेल्ट परत बसवा. बकेट सीट टाकताना साइड एअरबॅग निघाली असेल आणि डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा पेटू नये म्हणून गॅरेजवाल्याने सीटखालच्या वायरला रेझिस्टर (एअरबॅग जागेवर आहे असं गाडीला भासवणारा छोटा भाग) लावला असेल, तर आधी तो काढून घ्या.